तोंडात पाणी घालू नका

रविवार, ४ मे २००३. अक्षय तृतीया. सकाळपासून ऊन कडक. वीज सकाळीच गेली, दुपारी आली. सत्यभामा मातीचे चार करे घेऊन आली. मागच्या अंगणात मांडून तिने पाणी भरलं. जेवायला मंजुळाकडे. दुपारी सोमेश्वरची तब्येत बिघडली. रामकिशनच्या जीपमधून वसमतला नेलं आहे. निरोप नाही.

त्या दिवशीच्या नोंदीची ही सुरुवात. एवढं लिहून मी डायरी मिटली. शाळेत सिस्टरांनी लावलेली सवय म्हणून मी रोज लिहिते, पण त्या संध्याकाळी पुढचं वाक्य सुचत नव्हतं. पंख्याच्या आवाजात फोन ऐकू येणार नाही म्हणून पंखा बंद केला होता. फोनपासून दारापर्यंत जायचं, रस्त्याकडे बघायचं, पुन्हा फोनजवळ यायचं. बसवत नव्हतं.

सोमेश्वर माझ्या धाकट्या जावेचा, मंजुळाचा मुलगा. आमची घरं कुरुंद्यात भिंतीला भिंत लागून. तो जगतो की जातो हे त्या दुपारी एका बाईच्या हट्टावर येऊन ठेपलं होतं, आणि ती बाई आमच्या नात्याची नव्हती. तिच्याबद्दल आधी सांगायला हवं.

सत्यभामाबाई गावाबाहेरच्या वस्तीवर राहते. नवरा नामाजी. शेळ्या, थोडी मेंढरं. माझ्याकडे ती दूध घालायची, तशी ओळख. तिला एकच मुलगा होता, शिवहार. शेळ्यांमागे जायला त्याला लाज वाटायची. म्हणून तो वसमतच्या हळदीच्या बाजारात हमालीला लागला. हळदीच्या पोत्याने अंग पिवळं होतं आणि कंबर मोडते. तिथे एक पूर्वी कुठल्या तरी दवाखान्यात कंपाउंडर असलेला माणूस कंबरदुखीवर सुई द्यायचा. सुई घेतली की दुखणं जायचं आणि डोकंही हलकं व्हायचं. पुढे कंबर दुखो न दुखो, सुई लागायचीच. त्यावर झोपेच्या गोळ्या, कधी दारू. हे सगळं आम्हाला फार उशिरा कळलं. घरच्यांना वाटायचं, पोरगं कष्टाने थकून येतं आणि झोपतं.

१९९८ च्या उन्हाळ्यात शिवहार घरी आला, बाजेवर पडला आणि उठेना. श्वास सावकाश, घशात घरघर. वस्तीवरची जाणती माणसं जमली. घरघर लागली म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. माणसाचा जीव बाजेवर जाऊ नये, म्हणून त्याला भुईवर घेतात. सारवलेल्या जागेवर उताणं निजवतात. तुळशीचं पान आणि पाणी तोंडात घालतात. पहिलं पाणी आईच्या हातचं. सत्यभामाबाईने ते घातलं. शिवहार एकदा ठसकला आणि शांत झाला.

दवाखान्यात कोणी नेलं नाही. पोलीस येतील, चिरफाड करतील ही भीती. सगळे तिला म्हणाले, आईच्या हातचं पाणी पिऊन गेला, सोनं झालं पोराचं. त्यावरच ती पुढे जगली. माझ्याकडे दूध घालताना ती एकदा म्हणाली होती, "आक्का, बाकी काई न्हाई, पाणी तेवढं मिळालं त्याला माझ्या हातचं." मी मान हलवली होती. दुसरं काय करणार?

तिचं ते समाधान दोन वर्षं टिकलं.

दोन हजार साली शिवहारच्याच टोळीतला परमेश्वर नावाचा हमाल बाजारातच कोसळला. तशीच घरघर. पण तिथे त्याची आई नव्हती, सारवलेली भुई नव्हती, तुळस नव्हती. हमालांनी त्याला उचलून रिकाम्या बारदानावर एका कुशीवर टाकलं, कारण टेम्पोत उताणं निजवायला जागाच नव्हती, आणि तसाच सरकारी दवाखान्यात नेऊन सोडला. परमेश्वर जगला. चार दिवसांनी स्टँडवर चहा पिताना दिसला.

ही बातमी ऐकून सगळ्यांना बरं वाटलं. सत्यभामाबाईला वाटलं नाही. ती माझ्या ओसरीवर येऊन बसली ती उठेचना.

"आक्का, ते काहून वाचलं?"

"लवकर नेलं म्हणून."

"माहं बी लवकरच सापडलं होतं. तीच सुई, तीच घरघर." मग ती म्हणाली, "ते घरी असतं तर मेलं असतं."

दुसऱ्या दिवशी शेळ्या नामाजीवर सोडून ती वसमतला गेली आणि दवाखान्याच्या दारात बसून राहिली. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिने अखेर हिला आत घेतलं आणि समजावून सांगितलं. सुई जास्त झाली की माणूस श्वास घ्यायचं विसरतो. जीभ मागे पडते, म्हणून घरघर. त्याला कुशीवर करायचं, हनुवटी वर उचलायची. तोंडात काहीही घालायचं नाही, पाणी नाही, ताक नाही, लिंबू नाही. ते छातीत उतरतं. श्वास फारच कमी झाला तर नाक दाबून तोंडाने वारा भरायचा. आणि दवाखान्यात आणायचं, तिथे यावरचं औषध असतं.

परत आल्यावर तिने मला हे सगळं सांगितलं आणि म्हणाली, "करडू जलमलं आन श्वास घेईना, तर मी त्याचं तोंड पुसून नाकात फुंकते. कितीक जगवले. त्याच्या तोंडात मी कधी पाणी घातलं न्हाई, आक्का." ती रडली नाही. शेळ्यांची वेळ झाली म्हणून निघून गेली.

त्यानंतर या बाईला मी स्वस्थ बसलेलं पाहिलं नाही. दूध घालून झालं की ती गावात फिरायची. कुरुंद्यात आणि आसपास सुई घेणारी मुलं कोण, हे तिला माहीत होतं. शाळेमागच्या पडक्या खोलीत, हळद शिजवायच्या कढयांच्या आडोशाला ती जाऊन उभी राहायची. पोरं आधी पळायची. मग पळायची थांबली.

"मावशी, तुला पायजे का?" एक जण म्हणाला.

"दे की. दूध कोण काढील मग, तुहा बाप?"

ती त्यांना सांगायची, एकट्यानं घेऊ नका. दार लावून बसू नका. सुईवर दारू न्हाई, गोळी न्हाई. एकाची सुई दुसऱ्यानं घ्यायची न्हाई. कोणी पडलं तर तोंडात पाणी घालायचं न्हाई, हे ती घरोघरीही सांगायची. वसमतच्या औषधाच्या दुकानातून नव्या सुया आणून ती त्यांना द्यायची आणि जुन्या तेलाच्या डब्यात गोळा करायची. गावाने तिला "सुईवाली" नाव ठेवलं. सोसायटीच्या ओट्यावर बसणारे तिला ऐकू जाईल असं बोलायचे, की पोरगं गेलं ते गेलं, आता ही गावाची पोरं बिघडवून राहिली.

मलाही ते पटत नव्हतं. मी तिला विचारलं, "अगं, घेऊ नका असं का सांगत नाहीस?"

"ते सगळेच सांगून राहिले. तुमी सांगता, मास्तर सांगते, बाप काठीनं सांगते. सोडलं का कोणी? मेल्यावर काय सोडणार? जित्तं राहिलं तर एखाद्या दिवशी सोडंल."

जीपवाला रामकिशन कुरुंदा-वसमत फेऱ्या करायचा. अशा माणसाला जीपमध्ये घ्यायला तो तयार नव्हता. रस्त्यात मेला तर जीप पंचनाम्यात अडकते, म्हणायचा.

"मढं नेऊ नको. श्वास हाय तवर ने," ती म्हणाली.

"श्वास हाय का न्हाई, मी गाडी चालवू का त्याच्या नाकाला बोट लावू?"

"बोट मी लावते. मी बसते बराबर."

असं ठरलं. माझ्या घरी फोन होता, स्टँडवरच्या बूथवर फोन होता. कोणी पडलं की माझ्याकडे यायचं, मी बूथला फोन करायचा, रामकिशन असेल तर त्याने निघायचं. माझं काम एवढंच. या पद्धतीने दोन मुलं दवाखान्यात पोचली आणि जगली. तीन मात्र गेली. त्यांच्या घरच्यांनी कोणाला कळूच दिलं नाही. सगळीकडे हार्ट अटॅक सांगितला.

त्या घरांना सत्यभामाबाईचा राग का होता, हे मला बेबीबाईमुळे कळलं. बेबीबाई त्या तिघांपैकी एकाची आई. हापशावर तिने सत्यभामाबाईची घागर बाजूला सारली आणि विचारलं, "पाणी घातलं म्हणून मरते म्हणतीस. म्हंजे म्या मारलं व्हय माह्या लेकराला?"

सत्यभामाबाई रांगेतून बाहेर पडली. ती घागर रिकामीच घेऊन आली. तिने स्वतःचं समाधान मोडलं होतंच, आता ती दुसऱ्यांचंही मोडत होती, आणि ते तिला ठाऊक होतं. लोकांना पाण्याबद्दल सांगताना ती शिवहारचं नाव कधीच घेत नसे. डॉक्टरीणबाईनं सांगितलं, एवढंच म्हणे.

आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आपण गेलेल्या माणसाच्या नावाने करा भरतो. तिने शिवहारबरोबर त्या तीन मुलांचेही करे भरायचं ठरवलं. "त्यांच्या घरी भरतील की," मी म्हटलं. "भरतील. पण काहून गेले ते कोणी म्हणणार न्हाई," ती म्हणाली. वस्तीवर नामाजी ओरडला असता, म्हणून माझं मागचं अंगण. चार करे, चार आंबे. एकेकाचं नाव घेऊन तिने पाणी ओतलं. मी तिला पुरणपोळीचं ताट वाढलं आणि भिंतीपलीकडे मंजुळाकडे जेवायला गेले.

लग्नांचा मोठा दिवस. माझे दीर हिंगोलीला लग्नाला गेले होते. घरी मंजुळा, सणाला आलेले तिचे थोरले भाऊ, घरचा गडी आणि शेजारच्या दोघी-तिघी. सोमेश्वर जेवायला आला नाही. झोपलाय, जागरण झालं असेल, मंजुळा म्हणाली. तो औरंगाबादचं कॉलेज सोडून आला होता. का सोडलं, ते आमच्या घरात कोणी विचारत नसे.

पंगत उठल्यावर मंजुळा त्याला हाक मारायला गेली आणि तिथूनच तिने मला बोलावलं. सोमेश्वर कॉटवर उताणा. ओठ जांभळट. घशातून तो आवाज. हात लावला तर अंगाला गार घाम. उशीखाली सुई होती. मंजुळाने ती पाहिली आणि उशी खाली दाबली.

थोरले भाऊ दारात आले, ऐकलं आणि म्हणाले, "घरघर लागली. भुईवर घ्या."

शेजारणींनी जागा झाडली. भावाने आणि गड्याने त्याला उचलून खाली निजवलं. कोणी तुळस खुडून आणली, मंजुळाने देवघरातला तांब्या आणि पळी. सगळं इतकं सरावाने झालं की माझा आवाज कोणाच्या कानापर्यंत गेला नाही. मी "थांबा" म्हणत होते. मग बोलत बसण्यात अर्थ नाही हे कळून मी मागच्या दाराने बाहेर गेले आणि भिंतीवरून हाक मारली.

सत्यभामाबाई खरकट्या हातानेच आली. आमच्या घरात ती ओसरीच्या आत कधी आली नव्हती. ती सरळ आत गेली, भावाला खांद्याने बाजूला केलं आणि सोमेश्वरला कुशीवर वळवून त्याची हनुवटी वर धरली.

मी माझ्या घरी धावले, बूथला फोन लावला. रामकिशनची जीप होती, पण तीत वऱ्हाड भरलेलं होतं. "सोमेश्वर आहे, आमचा सोमेश्वर," मी सांगितलं. पलीकडे तो कोणाला तरी म्हणाला, "उतरा, निंबाखाली बसा, नवरदेव काही पळून न्हाई चालला." मी परत आले, तेव्हा आत भांडण पेटलं होतं.

"सरक," मंजुळा म्हणत होती. तिच्या हातात भरलेली पळी. "पाणी तरी घालू दे. तसंच जाईल लेकरू माहं."

"श्वास हाय. पाणी घालू नका, वैनीसाब."

"तू कोण मला सांगणार? सुईवाली! तूच दिली असंल त्याला."

"मी दिली असंल तर मागून मारा मला. आता घालू नका."

भाऊ म्हणाले, "बाई, पोरगं कोरड्या तोंडानं गेलं तर ते पाप कोणाच्या माथी?"

"माह्या माथी. जलमभर."

मंजुळाने पळी सोमेश्वरच्या तोंडाशी नेली. सत्यभामाबाईने आपला तळहात त्याच्या तोंडावर आडवा धरला. मंजुळा रडत म्हणाली, "तुह्या पोराला मिळालं ना पाणी? सगळ्या गावाला सांगत फिरलीस. मग माह्या पोराला काहून न्हाई?"

सत्यभामाबाई म्हणाली, "मिळालं म्हणूनच गेलं. म्या घातलं. ते ठसकलं आन गेलं."

चार माणसांत ती हे पहिल्यांदाच बोलली. शेजारणींपैकी एक बेबीबाईची जाऊ होती. तिने पदर तोंडाला लावला आणि ती बाहेर निघून गेली.

मंजुळा माझ्याकडे वळली. "आक्का, तुमी सांगा."

मला तरी काय ठाऊक होतं? सोमेश्वर वसमतपर्यंत टिकला नाही, तर मंजुळा मरेपर्यंत मला माफ करणार नव्हती, आणि तिचं चुकलं असंही मी म्हणू शकले नसते. मी म्हटलं, "पाणी बरोबर घे. तांब्या घे. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की पाज."

तिने पळी तांब्यात टाकली.

श्वास आता इतका लांबला होता की पुढचा येतो की नाही, म्हणून सगळे बघत राहायचे. सत्यभामाबाईने त्याला उताणं केलं, नाक दाबलं आणि आपल्या तोंडाने त्याच्या तोंडात वारा भरला. भावाने मान फिरवली. धनगराच्या बाईचं तोंड आमच्या पोराच्या तोंडाला, हे त्यांच्या मनात आलं असणार. पण जीपचा हॉर्न ऐकताच पाय धरायला तेच पहिले वाकले. जीपमध्ये सत्यभामाबाई मागे त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मंजुळा पुढे, तांब्यावर तळहात ठेवून.

मग ती संध्याकाळ. मी सांगितलीच आहे. शेजारच्या घरात भुईवर तुळशीचं पान तसंच पडलं होतं, ते उचलायला कोणी पुढे होत नव्हतं. मी भिंतीपलीकडे जाऊन आले, फोनजवळ आले, पुन्हा गेले. आपण पाणी घालू द्यायला हवं होतं का, हा विचार डोक्यातून जाईना. दर वेळी त्याचं उत्तर वेगळं यायचं.

दिवेलागणीला फोन वाजला. मंजुळा. मागे दवाखान्याचा गोंगाट.

"आक्का, डॉक्टरांनी सुई दिली. त्यानं डोळे उघडले. शिव्या देऊन राहिला, आक्का. डॉक्टरला, मला, सगळ्यांला. इतक्या घाण शिव्या देऊन राहिला." आणि ती हसत होती की रडत होती, ते मला फोनवर कळलं नाही.

थोड्या वेळाने जीप दारात थांबली. रामकिशन कुरकुरत होता, तांब्यातलं सगळं पाणी कुरुंदा फाट्याच्या खड्ड्यात सीटवर सांडलं, आता वऱ्हाडाला ओल्यावर बसवू का? सत्यभामाबाई उतरली. तिच्या पातळावर सोमेश्वरची उलटी वाळली होती. मी तिला म्हटलं, आत ये, हातपाय धू, दोन घास खा.

ती उंबऱ्याशीच उभी राहिली. "आक्का, सोमेश्वर काल कोणासंगं होता?"

"मला काय माहीत?"

"एकटा न्हाई आणत तो. त्याच बाटलीतली आणखी दोघा-तिघांनी घेतली असंल. ते कुठं तरी दार लावून पडले असतील." ती रामकिशनकडे वळली. "कढयांकडं चाल जरा."

"अगं, माझं वऱ्हाड निंबाखाली बसलंय कवाचं."

"बसू दे. लगन तर लागून गेलं असंल."

तो काहीतरी पुटपुटला, पण जीप त्याने त्याच दिशेला वळवली.

त्या रात्री कढयांजवळ कोणी सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघे धडधाकट दिसले आणि तिने त्यांना भर रस्त्यात झापलं. सोमेश्वरने सुई सोडली असं लिहायला मला आवडलं असतं. तो सोडतो, धरतो, पुन्हा सोडतो. पण तो आहे. मंजुळा सत्यभामाबाईशी अजून मनापासून बोलत नाही. समोर आली की दुसरीकडे बघते. तरी त्या वर्षी गौरीच्या सणाला तिने आपणहून वस्तीवर ताट पाठवलं. बेबीबाईने मात्र आजवर हापशावर तिच्यासाठी जागा केलेली नाही.  आता सत्यभामाबाईचे गुडघे दुखतात, तरी शाळेमागे एक चक्कर असतेच. फोन माझ्या उशाशी असतो.

त्या रात्री जीपचा आवाज लांब गेल्यावर मी दिवा लावला, डायरी उघडली आणि राहिलेली नोंद पुरी केली. सोमेश्वर शुद्धीवर आला, मंजुळाचा फोन. सत्यभामा परत आली, जेवली नाही. त्याखाली लिहिलं आहे: गॅसची टाकी संध्याकाळी संपली, दुसरी लावली.